पूर्वपक्षाचा मान : मोतीरावण कंगाली आणि मराठी समीक्षा

आपल्याकडच्या वादपद्धतीत प्रतिपक्षाचे मत खोडून काढण्याआधी ते नीट मांडून दाखवावे लागे. ते मांडणे म्हणजे पूर्वपक्ष. ज्याचा पूर्वपक्ष मांडला गेला तो हरला तरी शास्त्राच्या परंपरेत त्याचे नाव राहते. किती तरी चार्वाकपंथीयांची मते आज आपल्याला केवळ त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून ठाऊक आहेत. ज्याचा पूर्वपक्षच मांडला जात नाही तो वादात हरलेला नसतो. तो वादात धरलेलाच नसतो. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्या बाबतीत मराठी समीक्षेने हेच केले, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. त्यांचे खंडन व्हायला हवे होते. काही बाबतींत ते कठोरपणे व्हायला हवे होते. झाले ते दुर्लक्ष. आणि या दुर्लक्षाला आपण विद्वत्तेचा संयम असे नाव देऊन मोकळे झालो.

कंगाली कोण, हे सांगण्याची वेळ यावी यातच सारे आले. रामटेक परिसरातल्या दुलारा या गावी एका गोंड कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नागपुरात रिझर्व्ह बँकेत त्यांनी नोकरी केली आणि नोकरीबाहेरचे सारे आयुष्य दोन कामांना दिले. एक काम भाषेचे होते : गोंडीचा शब्दकोश, गोंडीचे व्याकरण, गोंडी शिकवणारी पुस्तके, गोंडी लिपीचा परिचय. दुसरे काम धर्माचे : गोंडांच्या ‘कोया पुनेम’ या धर्ममार्गाची सुसंगत मांडणी. ‘पारी कुपार लिंगो गोंडी पुनेम दर्शन’ हा त्यांचा ग्रंथ या दुसऱ्या कामाचा गाभा आहे. मोतीराम या आपल्या नावातला राम काढून त्या जागी त्यांनी रावण ठेवला. एका अक्षरसमूहाच्या फेरबदलाने केलेले हे भाष्य एखाद्या कवीने केले असते तर आपण त्यावर चिन्हमीमांसेची दहा पाने लिहिली असती. भाषाशास्त्रज्ञ आणि धर्मशास्त्रज्ञ या दोन भूमिका एका माणसात एकत्र आल्या आणि तो माणूस विद्यापीठाच्या बाहेरचा, शिवाय आदिवासी होता. आपली अडचण नेमकी इथे झाली.

या अडचणीचे समर्थन सामान्यतः असे केले जाते की कंगालींचे भाषाकार्य त्यांच्या धर्मश्रद्धेने दूषित झाले आहे. श्रद्धावंताच्या हाती शब्दकोश शास्त्र राहत नाही, प्रचारसाधन होतो. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायचा तर तो सर्वांना सारखा लावला पाहिजे. तो आपण कोणाकोणाला लावतो?

नागपुरात ज्याच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून उभे आहे त्या स्टीफन हिस्लॉपचे उदाहरण घेऊ. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४४च्या अखेरीस मुंबईत उतरला आणि १८४५मध्ये नागपूर–कामठीला आला. शाळा काढली, नागपूरच्या आसपासचे जीवाश्म गोळा केले, मध्य हिंदुस्थानातील आदिवासी जमातींच्या बोलींच्या शब्दयाद्या केल्या आणि एका परधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत मूळ गोंडीत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना एका ओढ्याच्या पुरात तो बुडून मेला. त्याची हस्तलिखित टिपणे मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. गोंडीच्या कोणत्याही अभ्यासकाला आजही या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते.

हिस्लॉप हिंदुस्थानात कशासाठी आला होता? ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी. गोंडी तो कशासाठी शिकला? प्रथमतः त्याच हेतूसाठी. हे त्याने लपवले नाही आणि त्याच्या चरित्रकारानेही लपवले नाही. तरी त्याची शब्दयादी आपण शास्त्र म्हणून वापरतो आणि त्याच्या श्रद्धेला ‘काळाची मर्यादा’ असे म्हणून कंसात टाकतो. हे योग्यच आहे. शब्दयादी बरोबर आहे की चूक हे शब्द तपासून ठरते, ती करणाऱ्याच्या प्रार्थनेवरून ठरत नाही. प्रश्न एवढाच की हा कंस कंगालींसाठी का उघडत नाही? शंभर वर्षांनंतर त्याच जिल्ह्यात, त्याच भाषेवर, तीच भाषा घरातून घेऊन आलेला माणूस काम करतो तेव्हा त्याची श्रद्धा मात्र त्याच्या प्रत्येक शब्दाला चिकटलेली आपल्याला दिसते.

भाषेचा अभ्यास आणि धर्मनिरूपण यांची सोयरीक ही काही अपवादात्मक घटना नाही. मराठी व्याकरणविचाराचा इतिहास सांगताना ज्या ‘पंचवार्तिका’पासून आपण आरंभ करतो ते महानुभाव भीष्माचार्यांनी लिहिले, आणि चक्रधरांच्या सूत्रांचा अर्थ नेमका लागावा ही त्यामागची निकड पूर्णतः सांप्रदायिक होती. ज्या पंथाने वऱ्हाडात आणि गोदातीरी मराठी गद्य घडवले त्याच पंथाने सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्याही घडवल्या. महानुभावांची लिपी म्हटली की आपल्याला पाठचिकित्सा आठवते. गोंडी लिपी म्हटली की ‘अस्मितेचे राजकारण’. (मुन्शी मंगलसिंह मसराम यांची गोंडी लिपी २०१७ साली युनिकोडमध्ये आली आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ साली. संगणकाने जेवढी दखल घेतली तेवढी आमच्या वाङ्मयीन नियतकालिकांनी घेतल्याचे आढळत नाही.)

हिंदुस्थानाबाहेर पाहिले तर याहून बोलके उदाहरण सापडते. फिलिप व्हेझदिन हा क्रोएशियन कुळातला कार्मेलाइट धर्मगुरू १७७६ ते १७८९ या काळात मलबारात होता. पाउलिनुस या धर्मनावाने तो ओळखला जातो. रोमला परतल्यावर १७९० साली त्याने संस्कृतचे व्याकरण छापले. युरोपात छापलेले ते पहिले संस्कृत व्याकरण. तो रोममध्ये प्राच्यभाषांचा अध्यापक होता आणि आपल्या चर्चचा कडवा अभिमानी होता. त्याच्या व्याकरणात दोष होते. संस्कृत त्याने मलबारी उच्चारांनी शिकले होते, ग्रंथलिपीत छापले होते आणि हांक्सलेडेन या त्याच्या आधीच्या जेझुइटाच्या हस्तलिखितावर तो पुष्कळ अवलंबून होता. यातला प्रत्येक दोष त्याला विद्वानांनी दाखवला. त्याचे प्रवासवर्णन १८०८ साली फ्रेंचमध्ये निघाले तेव्हा त्याला आंकेतील द्यु पेरोनसारख्या जाणत्या विरोधकाच्या टिपा जोडलेल्या होत्या. म्हणजे ज्या पुस्तकात लेखक बोलतो त्याच पुस्तकात त्याला उत्तर देणाराही बोलतो. व्हेझदिनची प्रतिष्ठा या टीकेने संपली नाही. भाषाशास्त्राच्या इतिहासातली त्याची जागा याच टीकेने पक्की केली. कंगालींच्या पुस्तकांना अशी एकही टीप जोडायला आपल्यातला कोणी पुढे आला नाही.

आता कंगालींच्या सर्वांत वादग्रस्त कामाकडे वळतो, कारण त्याला वळसा घालून त्यांचा पक्ष घेणे हे त्यांच्या उपेक्षेइतकेच अप्रामाणिक ठरेल. २००२ साली त्यांनी ‘सैंधवी लिपि का गोंडी में उद्वाचन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. सिंधू मुद्रांवरील चिन्हे गोंडीच्या आधारे वाचता येतात आणि त्यांत कोया पुनेमच्या संकल्पना आढळतात, असा त्यांचा दावा होता. हा दावा टिकत नाही. तो का टिकत नाही हे सांगणे मात्र आवश्यक आहे, आणि ‘हास्यास्पद’ हा शब्द त्याचे कारण होऊ शकत नाही.

सिंधू लेख अत्यंत आखूड आहेत. सरासरी पाचेक चिन्हांचे. इरावतम महादेवन यांनी १९७७ साली केलेल्या सूचीत चारशेहून अधिक वेगवेगळी चिन्हे आहेत. एकही द्वैभाषिक लेख उपलब्ध नाही. अशा स्थितीत कोणत्याही एका भाषेचा शब्दसाठा हाती घेऊन बसले तर काही ना काही ‘वाचता’ येतेच. आणि ते चूक ठरवण्याची कसोटी त्या वाचनातच नसते, ही खरी अडचण आहे. द्राविडी पक्षाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पाहावे. माशाचे चिन्ह म्हणजे ‘मीन’, आणि तमिळमध्ये मीन म्हणजे मासाही व ताराही. म्हणून हे चिन्ह ग्रहताऱ्यांच्या नावांसाठी वापरले असावे, अशी ही मांडणी. आस्को पार्पोला यांनी ती विस्ताराने केली आहे. गोंडी द्राविडीच आहे. पण आजच्या गोंडीत मासा ‘मीन’ असला तरी ताऱ्याला ‘सुक्कुम’ म्हणतात. तेलुगूतल्या ‘चुक्क’ या शब्दाचा तो सोयरा. ज्या श्लेषावर द्राविडी वाचनाचा सर्वांत बळकट खांब उभा आहे तो श्लेषच गोंडीत जुळत नाही. चार हजार वर्षांत भाषा बदलते, शब्द पडतात, दुसरे येतात. आजची गोंडी ही त्या काळच्या कोणत्याही भाषेची जशीच्या तशी राखलेली प्रत असू शकत नाही. आजची तमिळही नाही. कंगालींनी आजच्या गोंडीला जो कालातीत दर्जा दिला तो भाषाशास्त्राला मान्य होणारा नाही. येथे त्यांच्यातल्या धर्मशास्त्रज्ञाने भाषाशास्त्रज्ञावर मात केली, असे मी म्हणेन.

हे एवढे लिहायला किती जागा लागली? एक परिच्छेद. तो परिच्छेद त्यांच्या हयातीत, २००२ ते २०१५ या तेरा वर्षांत, एखाद्या मराठी नियतकालिकात आला असता तर त्यांना उत्तर देता आले असते. कदाचित त्यांनी चोख उत्तर दिलेही असते.

शिवाय सिंधू लिपीच्या बाबतीत चुकणे हा काही आदिवासी अभ्यासकांचा विशेषाधिकार नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर हेन्री हेरास हे जेझुइट धर्मगुरूच होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी सिंधू लेख द्राविडी म्हणून सर्रास वाचून दाखवले. ती वाचने आज कोणी स्वीकारत नाही. एस. आर. राव यांनी १९८२ साली तीच चिन्हे संस्कृतच्या जवळ नेऊन वाचली. तीही मान्य झाली नाहीत. पण हेरासांच्या नावाची संशोधनसंस्था मुंबईत सन्मानाने चालते आणि लोथलचे उत्खननकर्ते म्हणून रावांचा मान अबाधित आहे. चुकीच्या एका वाचनाने त्यांचे बाकीचे काम पुसले गेले नाही. कंगालींचे मात्र शब्दकोश, व्याकरण, लिंगोची संहिता असे सारेच या एका पुस्तकाच्या पाण्यात बुडवण्याची सोय आपण करून घेतली.

लिंगोची संहिता हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे, आणि समीक्षेच्या नियतकालिकात त्याच्यावरच अधिक वेळ थांबले पाहिजे.

हिस्लॉपच्या परधानाने गायिलेल्या कथेत गोंड जन्माला येतात, सगळीकडे पसरतात, आणि त्यांच्या अंगाच्या दुर्गंधीने महादेव विटतो. तो त्यांना गुहेत कोंडून घालतो. चौघे तेवढे निसटतात. पुढे फुलातून जन्मलेला लिंगो या भावांना भेटतो, त्यांना शेती व अग्नी देतो. भावांच्या बायका त्याच्यावर आळ घेतात, भाऊ त्याला मारतात, तो पुन्हा जिवंत होतो, आणि अखेर गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवून त्यांची कुळे पाडून देतो. कंगालींच्या मांडणीत कथेचे सांधे तेच आहेत, पण दुर्गंधी नाही. गुहेतली मुले काली कंकाली या मातेची आहेत. तिचा शोक कथेच्या केंद्राशी येतो. शंभू हा पुराणातला शिव नसून गोंडांच्या शंभूंच्या मालिकेतला एक आहे. गुहा गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली कचारगडची आहे. आणि मुलांना सोडवताना हिरासुका पाटालीर हा गायक-वादक गुहेच्या तोंडाच्या शिळेखाली प्राण देतो.

या फरकाला काय म्हणायचे? ‘फेरफार’ म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण १९९०नंतर ज्यांनी मराठीत लेखकाच्या मृत्यूची द्वाही फिरवली, संहिता अखंड आणि एकार्थी नसते हे ज्यांनी आम्हाला शिकवले, प्रत्येक वाचन हे पुनर्लेखन असते असे ज्यांनी परिसंवादांतून बजावले, तेच समीक्षक या एका ठिकाणी अचानक मूळ संहितेचे पहारेकरी का होतात? आणि मूळ संहिता म्हणजे कोणती? एका मिशनऱ्याने एका परधानाकडून एकदा लिहून घेतलेली. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपल्या १९४८च्या ग्रंथात परधानांच्या परंपरेतली जी कथने नोंदवली त्यांत नायकाचे नाव पहांदी कुपार लिंगाल असे येते. तेव्हा कंगालींचा ‘पारी कुपार लिंगो’ त्यांनी घरी बसून घडवलेला नाही. हिस्लॉपबाहेरची एक गायनपरंपरा त्याच्या पाठीशी आहे. मौखिक महाकाव्याचा एक पाठ छापला गेला म्हणून तो मूळ, आणि न छापलेले सारे पाठ म्हणजे विकृती, हा न्याय छापखान्याचा आहे, वाङ्मयाचा नाही.

या छापील पाठाचे पुढे काय झाले तेही मनोरंजक आहे. कॅप्टन फोरसाइथने १८७१च्या आपल्या पुस्तकात लिंगोचे गीत संक्षेप करून इंग्रजी पद्यात घातले आणि त्यासाठी चाल घेतली लाँगफेलोच्या ‘हायवाथा’ची. लाँगफेलोने ती १८५५ साली उचलली होती ‘कालेवाला’वरून. आणि ‘कालेवाला’ म्हणजे काय? एलियास ल्यॉनरोट या वैद्याने खेडोपाडी गोळा केलेली गाणी निवडून, जोडून, मध्ये स्वतःच्या ओळी घालून १८३५ साली सिद्ध केलेले आणि १८४९ साली वाढवलेले फिनलंडचे राष्ट्रीय महाकाव्य. ल्यॉनरोटने गाळले, जोडले, क्रम बदलला. त्याबद्दल त्याला कोणी भेसळखोर म्हटले नाही. त्याच्या संपादनाची एकेक ओळ मूळ गाण्यांशी ताडून पाहणारे एक शास्त्रच त्याभोवती उभे राहिले. लिंगोच्या कथेला इंग्रजीत फिनिश गाण्याची चाल परकी वाटली नाही. परकी वाटली ती गोंडाने स्वतः केलेली जुळणी.

कंगालींचे व्युत्पत्तीविषयक लेखन हा आक्षेपाचा आणखी एक मुद्दा. ते शब्द फोडतात, त्यांतून अर्थ काढतात, आणि तो अर्थ बहुधा पुनेमच्या तत्त्वाशी जुळतो. ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या कसोटीवर यातल्या पुष्कळ व्युत्पत्ती मान्य होणार नाहीत, हे उघड आहे. पण आपल्याच परंपरेत व्युत्पत्तीच्या शेजारी निरुक्तीची एक वेगळी रीत आहे. यास्क ‘अग्नि’ या एका शब्दाची फोड एकाहून अधिक प्रकारांनी देतो. त्याला शब्दाचा भूतकाळ सांगायचा नसतो, अर्थाची क्षमता दाखवायची असते. आणि महात्मा फुले? ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी म्हसोबाला महासुभा केले, खंडोबाला खंडाचा अधिकारी केले, दशावतारांचा इतिहास उलटा करून वाचला. ध्वनिनियमांच्या पुस्तकातून पाहिले तर यातले फारच थोडे टिकेल. तरी फुल्यांच्या या वाचनाला आपण प्रतिमिथक म्हणतो, त्यामागची सत्तामीमांसा उलगडतो, आणि ते योग्यच करतो. बळीराजाला जो न्याय तो लिंगोला नको?

यावर कोणी असे म्हणेल की फुले मराठीत लिहीत होते, कंगाली हिंदीत लिहितात. ते मराठी समीक्षेचा विषयच नव्हेत. ही सबब मला सर्वांत अधिक खटकते. गोंडी बोलणारे २०११च्या जनगणनेत सुमारे ३० लाख होते आणि ते मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र, ओडिशा अशा राज्यांत विखुरलेले आहेत. १९५६पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होती. भाषावार प्रांतरचनेत मराठीला राज्य मिळाले, तेलुगूला मिळाले. गोंडीला सीमा मिळाल्या. ती आठव्या परिशिष्टातही नाही, मग त्या परिशिष्टाची बावीस भाषांची यादी कितीही लांब दिसो. भंडाऱ्याच्या, बालाघाटच्या आणि बस्तरच्या गोंडाला एकाच पुस्तकातून गाठायचे तर कंगालींनी कोणत्या भाषेत लिहायला हवे होते? त्यांचे हिंदी ही आपल्या राज्यरचनेवरची टिप्पणी आहे. ती न वाचता आपण पुस्तकाची भाषा पाहून पुस्तक मिटतो. आणि हे करणारे आम्ही कोण? ज्या नगराचा पाया देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी घातला त्या नगरातले लोक. गायत्री स्पिवाक यांचा तो प्रसिद्ध प्रश्न, की तळातल्याला बोलता येते काय, आम्ही मराठीत इतक्यांदा उद्धृत केला की तो आता पाठ झाला आहे. नागपुरात एक जण बोलत होता. छापून बोलत होता. आम्ही प्रश्न उद्धृत करण्यात गुंतलो होतो.

दैवतशास्त्राच्या क्षेत्रात ही विसंगती अधिकच स्पष्ट होते. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) आणि ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथांतून मराठी दैवतांवरचे थर एकेक करून उकलले. विठ्ठल हा मुळात गोपजनांचा, धनगर-गवळ्यांचा देव, हे त्यांचे प्रतिपादन प्रथम अनेकांना रुचले नाही, पण त्याची चर्चा झाली आणि आज ते आपल्या सांस्कृतिक समजुतीचा भाग आहे. कंगालींनी ‘कोराडीगढ की तिलका दाई’, ‘डोंगरगढ की बमलाई दाई’ अशा पुस्तिकांतून याच जातीचे काम केले. नागपूरच्या वेशीवरची कोराडीची देवी, जिला आपण महालक्ष्मी जगदंबा म्हणतो, ती मूळ गोंडांची दाई आहे, असे ते सांगतात. ढेऱ्यांचा प्रवास उगमाकडून समन्वयाकडे जातो. गवळ्यांचा देव सर्वांचा झाला, आणि हे त्यांच्या दृष्टीने मराठी संस्कृतीचे वैभव आहे. कंगाली त्याच वाटेने उलटे चालतात. ज्याला समन्वय म्हणता त्यात कोणाचे नाव गेले आणि कोणाचे राहिले, असे ते विचारतात. हा प्रश्न ढेऱ्यांच्या ग्रंथालाही विचारता येतो, आणि तो विचारल्याने ढेऱ्यांचे मोठेपण उणे होत नाही. ‘महासमन्वय’ या शब्दाची मराठी समीक्षेने केलेली पूजा पाहता ही चिकित्सा आतूनच यायला हवी होती.

ढेऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. त्यांच्यापाशी पुराव्याची शिस्त आहे : शिलालेख, स्थलपुराणे, मूर्ती, लोकगीते, भाषेतले अवशेष. कंगाली पुष्कळदा निष्कर्षापासून निघतात आणि वाटेत मिळेल तो पुरावा उचलतात. कोराडीच्या दाईबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे असू शकेल. मध्यप्रांताच्या गोंड राजवटींचा इतिहास पाहता ते संभाव्य आहे. पण संभाव्य ते सिद्ध नव्हे. पूजेचा मान कोणत्या कुळांकडे होता, जत्रेत कोणते नेमधर्म गोंडांच्या पेनपूजेशी जुळतात, परधानांच्या गाण्यात या स्थळाचा उल्लेख कोठे आहे, हे तपशील त्यांनी रचून दाखवले असते तर त्यांचा पक्ष फार बळकट झाला असता.

हे म्हणणे त्यांच्या अनुयायांपैकी काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. १९८०च्या दशकापासून कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेला नवे रूप दिले. आज तेथे अनेक राज्यांतून गोंड लोटतात, आणि त्या समुदायात कंगालींचे शब्द प्रमाण मानले जातात. समाजाला ते प्रमाण वाटावेत हा समाजाचा अधिकार आहे. पण त्यांच्या सिंधू वाचनावर शंका घेणे म्हणजे गोंडांच्या अस्तित्वावर शंका घेणे, असे समीकरण मांडले जाऊ लागले की कंगालींमधला अभ्यासक दुसऱ्यांदा नाहीसा होतो. पहिल्यांदा आमच्या मौनाने, दुसऱ्यांदा त्यांच्या पूजेने. शब्दकोश करणाऱ्याला पेन करून देवघरात बसवले की शब्दकोशाची दुसरी आवृत्ती निघत नाही; कारण दुसरी आवृत्ती काढायची म्हणजे पहिलीतल्या चुका काढाव्या लागतात. भाषा जिवंत राहायची तर कोश वारंवार चुकला आणि सुधारला गेला पाहिजे. आदिलाबादची गोंडी आणि मंडल्याची गोंडी यांत एवढे अंतर आहे की कोणत्याही एका माणसाच्या कोशाने ते भरून निघणे शक्य नाही, मग तो माणूस कितीही मोठा असो.

मागणी मोठी नाही. लिंगोचे पाठ शेजारी शेजारी छापावेत : हिस्लॉपने उतरवून घेतलेले मूळ गोंडी देवनागरीत, त्याच्या शेजारी आदिलाबादची कथने, आणि त्यांच्या शेजारी कंगालींचे कथन, खाली मराठी अनुवाद आणि जेथे पाठ फुटतात तेथे टीप. ‘लीळाचरित्रा’च्या पाठांवर वि. भि. कोलते यांनी याच नागपुरात अर्धे आयुष्य घालवले. पाठचिकित्सेचे हे शास्त्र विदर्भाला नवे नाही. आरंभ त्या दुर्गंधीच्या प्रसंगापासून करावा. गोंडांच्या अंगाला वास येतो हे महादेवाचे वाक्य परधानाच्या परंपरेतले आहे, की शेजारच्या गावाने गोंडांविषयी जे म्हटले ते परधानाच्या गाण्यात शिरले आहे? कंगालींनी ते गाळले ते त्यांच्या धर्मशास्त्राला खुपले म्हणून, की त्यांनी ऐकलेल्या दुसऱ्या एखाद्या गाण्यात ते नव्हतेच म्हणून? पहिले खरे असेल तर कंगाली संपादक ठरतात. दुसरे खरे असेल तर हिस्लॉपचा पाठच उणा ठरतो. गडचिरोलीपासून आदिलाबादपर्यंत किंगरीवर ही कथा गाणारे परधान अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन विचारता येईल.